साळवेकाका आणि आमची परात

आमच्या घरातल्या कुठल्याही भांड्याकडे साळवेकाका आधी खालून बघतात. पोह्यांची बशी हातात दिली, तर ती डोळ्यांपर्यंत उचलून नखाने बूड वाजवतात आणि म्हणतात, "स्टील. बरं हाय, पण लहान."

काका हर्सूलला आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. छोट्या विमानांचे रेडिओ दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. विमानाच्या पाठीवर हातभर दांडी उभी असते ना, ती अँटेना. पण काकांच्या मते खरं काम तिच्या पायाखालचा पत्रा करतो. कापडी अंगाच्या विमानाला तर तो आतून मुद्दाम लावावा लागतो.

"दांडीला कोण इचारतं भाऊ? पायाखाली पत्रा केवढा, ते बोला. पत्रा लहान असला की दांडी नुसती आभाळाकडं बघती. लांबचं तिला काय बी ऐकू येत नाय."

हे तत्त्व ते माणसांनाही लावतात. गुलमंडीतला एखादा दुकानदार फार बोलला, की "दांडी उंच, पत्रा नाय" असा निकाल देऊन पुढे चालू लागतात. माझ्या बढतीचा पेढा खातानाही ते हेच म्हणाले. मला ते चांगलंच लागलं.

गच्चीवर त्यांची स्वतःची दांडी आहे. तिच्या पायाखाली आजवर तेलाच्या डब्याचा पत्रा, कुणाची तरी जेवणाची थाळी आणि माझ्या जुन्या स्कूटरची नंबरप्लेट येऊन गेली. हिच्या माहेरच्या पत्र्याच्या पेटीवरही त्यांचा डोळा होता, म्हणून हिने पेटीवर गादी घालून ठेवली.

मागच्या महिन्यात मात्र त्यांनी हद्द केली. आमची मोठी परात "दोन दिवसांसाठी" म्हणून नेली. आठवड्याने मागायला गच्चीवर गेलो, तर परातीला मधोमध भोक आणि भोकात दांडी!

मी तोंड उघडणार, तोच काकांनी ओठांवर बोट ठेवलं. रेडिओच्या खरखरीतून एका मुलीचा आवाज आला. इंग्रजीत विमानाचा नंबर, उंची, बस. माझ्यामागून ही तणतणत जिना चढून आली होती, तीही थबकली.

"आमची प्रज्ञा," काका म्हणाले. "को-पायलट हाय. मंगळवारी तिचं विमान इथं येतं."

"मग घरी नाही येत?" हिने विचारलं.

"अर्ध्या तासात परत फिरतंय वहिनी. बाहेर पडता येत नाय. फोनवर 'बाबा, गोळ्या घेतल्या का, ठेवते,' एवढंच. इथं कशी खणखणीत बोलती." ते परातीच्या काठावरून बोट फिरवत राहिले. "त्या डब्याच्या पत्र्यावर मिनिटभर ऐकू यायची. परातीवर लई लांबून ऐकू येती. तीन मिनिटं झाली आता."

मला नंबरप्लेटवरून घातलेल्या वादाची लाज वाटली. हिने परात उचलली नाही.

"अहो, पेटीवरची गादी काढा," ती मला म्हणाली. "झाकण घेऊन या वर. परातीपेक्षा मोठं आहे."