फरामर्ज आगांच्या गुडघ्याची प्रगती

शिष्टाचारावाचून समाज टिकत नाही आणि वजन उचलल्यावाचून दुखरी कंडरा बरी होत नाही. ही दोन्ही सत्यं निर्विवाद आहेत. इराणातल्या इस्फहानमध्ये ती एकाच खोलीत नांदायला ठेवली गेली, एवढंच.

फरामर्ज आगा इतिहासाचे मास्तर (वय एक्कावन्न, उजवा गुडघा अंदाजे ऐंशी). नवरोजच्या तेराव्या दिवशी सगळं शहर घराला कुलूप लावून नदीकाठी जेवायला जातं. (नदी त्या वर्षी फक्त नकाशात होती.) तिथे दरवर्षी सासरच्या मंडळींसमोर व्हॉलीबॉल होई आणि जाळीपलीकडे उभा असे त्यांचा साडू इरज. सतरा वर्षांत आठ विजय याचे, आठ त्याचे. एकदा भात करपल्याने खेळ थांबला. अशात उड्या मारून मारून फरामर्ज आगांची गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा दुखायला लागली. इरजचा फोन आला, "भाऊ, यंदा तुम्ही पंच व्हा. बसायला खुर्ची आणतो."

खुर्ची! फरामर्ज आगा त्या रात्री जेवले नाहीत.

सामन्याला बारा आठवडे होते. व्यायामोपचार करणाऱ्या डॉक्टर तूरजने पद्धत समजावली: पायाने वजन ढकलायचं, तीन मोजत वर, तीन मोजत खाली. दुखणं शून्य ते दहामध्ये सांगायचं. तीनपर्यंत चालेल, त्यावर गेलं तर वजन कमी करू. "फक्त आकडा खरा सांगा, आगा. सगळा उपचार आकड्यावर आहे."

"किती?"

"तुमच्या हाताला गुण आहे, डॉक्टर. शून्य!"

पहिलं उत्तर कोणीच धरत नाही. तो तआरुफ, म्हणजे जनरीत. तीनदा विचारावं लागतं.

"खरं सांगा."

"एक."

"माझ्या जिवाची शपथ?"

"आता शपथच घातलीत म्हणून सांगतो... दीड."

(खरा आकडा सात होता.) कागदावर दीड लागला आणि नियमानुसार वजन दहा किलोंनी वाढलं. तूरजही चांगल्या घरातला. एवढ्या मानाच्या मास्तरांना हलकं वजन देणं म्हणजे पाहुण्याला शिळं वाढणं, म्हणून त्याने आपल्याकडचे पाच आणखी घातले.

त्या दवाखान्याची कार्यक्षमता वाखाणण्याजोगी आहे. पंचेचाळीस मिनिटांच्या भेटीत दारात 'आधी आपण' यावर अकरा मिनिटं जातात, चहावर चौदा. यंत्रापाशी एका निवृत्त न्यायाधीशांबरोबर 'छे छे, आपल्याआधी मी?' यावर नऊ, तीही दोघांच्या दुखऱ्या गुडघ्यांवर उभं राहून. आभारांना पाच. उरलेल्या सहा मिनिटांत कंडरा बळकट होते. त्यातही येणारा-जाणारा रिवाजाप्रमाणे 'थकू नका हं' म्हणतो, तेव्हा त्याचा मान राखून वजन खाली ठेवावं लागतं.

नवव्या आठवड्यात फरामर्ज आगा घरचा जिना बसून उतरू लागले, एकेक पायरी, तान्ह्या मुलासारखे.

"अहो, त्या डॉक्टरला सांगा की!" बायको महीन कळवळून म्हणाली. "तोंड शिवलंय का?"

"एवढ्या प्रेमाने वजन वाढवतो गं तो. आता दुखतं म्हणू? काय वाटेल त्याला?"

मनातून मात्र ते घाबरले होते. खुर्ची स्वप्नात येत होती.

बाराव्या आठवड्यात प्रमाणपत्र मिळालं: 'वेदना शून्य. प्रगती उत्तम.' संपूर्ण देशात तआरुफ न कळणारा एकच इसम होता, तो म्हणजे गुडघा. आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं.

सामन्याला त्यांनी तूरजलाही बोलावलं. (येऊ नये असंच बोलावणं होतं, तो आला.) पहिलाच चेंडू उंच आला. फरामर्ज आगा उडाले, सुरेख उडाले, आणि खाली आले ते गवतावर बसले. बसलेच.

"काय झालं?" सगळे धावले.

"काही नाही. गवत किती छान आहे, म्हटलं जरा बसावं."

तेवढ्यात इरज जाळीखालून वाकून आला. "भाऊ, नाटकं पुरेत. किती दुखतंय?"

शिष्टाचार अफाट आहे, पण साडूला लागू नाही.

"नऊ रे गाढवा! नऊ! अकरा असते तर अकरा!"

तूरजचे डोळे भरून आले. बारा वर्षांच्या सेवेत पहिल्याच विचारण्याला खरा आकडा कानी पडला होता. त्याने तिथेच हातरुमालावर तो टिपून घेतला. शनिवारी उपचार नव्याने सुरू झाले: वजन उतरवून फक्त वीस किलो, आणि यंत्राशेजारी आकडा विचारायला इरज. उन्हाळा सरता सरता फरामर्ज आगा जिना उभ्याने उतरू लागले. आता त्या दवाखान्यात नाव नोंदवताना साडू सोबत आणावा लागतो. नसेल त्याला भाड्याने मिळतो.

तुमच्याकडे असलं काही नाही, हे ऐकून बरं वाटतं. तुम्ही सडेतोड माणसं, उगाच कोणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही. तुमच्या डॉक्टरांच्या फायलीत तसं स्वच्छ लिहिलेलंच आहे: रुग्ण रोज पाऊण तास चालतो, साखर सोडली आहे.