पिंपळखुटे वकिलांचं अपील

सिनेमाला जाताना लोक फुटाणे नेतात, पानाचा डबा नेतात. पिंपळखुटे वकील पुस्तक आणि बॅटरी नेत.

वणीच्या टॉकीजमध्ये एखाद्या पुस्तकावरून काढलेला सिनेमा लागला, की पहिल्या खेळाला वकीलसाहेब खुर्चीच्या वर्गात मधल्या वाटेला लागून बसलेले दिसायचे. मांडीवर मूळ कादंबरी उघडी, डाव्या हातात बॅटरी, उजव्या हाताचं बोट ओळीवर. पडद्यावर नायक बोलू लागला की इकडे बोट सरकू लागे. कोर्टात साक्षीदाराची आजची जबानी कालच्या जबानीशी ताडून बघावी, तसा हा माणूस सिनेमा ताडून बघायचा. फरक सापडला की बॅटरीचा झोत थेट पडद्यावर. नायिकेच्या ऐन गालावर पिवळा गोळा नाचू लागे आणि अंधारातून आवाज येई, "पुस्तकात नाही!"

"वकीलसाहेब, बत्ती बुजवा ना बाप्पा!" मागून कोणीतरी ओरडे.

"बुजवतो. आधी हिले पहिल्या प्रकरणात परत जाऊ द्या."

मी तेव्हा वणीच्या हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. साठ सालच्या आसपासची गोष्ट. लग्न नवं, नोकरी नवी. वकिलांच्या घरामागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको कुसुम भाड्यानं राहत होतो. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात जे बोलणं होतं, ते आमच्यात कधी झालंच नाही. एकदा छप्पर गळतं म्हणून सांगायला गेलो, तर म्हणाले, "गळते ना? नशीबवान आहा. काल पाह्यलेल्या सिनेमात एक थेंब नाही पडला, अन् पुस्तकाचं नावच पावसावर आहे!"

त्यांचा राग वरवरचा नव्हता. एका कादंबरीत दुष्काळी गावातली मुलगी होती. सिनेमात ती धबधब्याखाली गाणं म्हणत होती. वकील आठवडाभर बाररूममध्ये एकच प्रश्न विचारत फिरले, "ज्या गावात प्यायले पाणी नाही, तिथं ही नाहून कशी राह्यली?" दुसऱ्या एका पुस्तकातला नायक एका डोळ्यानं आंधळा मास्तर. सिनेमातल्या मास्तरला दोन्ही डोळे धडधाकट, शिवाय मोटार. "मोटारीचं मी समजू शकतो," वकील म्हणाले, "उधार घेतली असंल. डोळा कुठून आणला?"

त्यांच्या मते सिनेमा म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल. तो चुकला तर वर अपील करण्याची सोय पाहिजे. "खून करणाऱ्यालेही अपील असते, गुरुजी. अन् एवढ्या मोठ्या कादंबरीले नाही? प्रत्येक बिघडलेला सिनेमा पुन्हा काढला पाहिजे. फेरतपासणी झाली पाहिजे!"

ती फेरतपासणी ते स्वतःच सुरू करत. हरसिंग नाईक नावाचे तांड्यावरचे एक उंचेपुरे शेतकरी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाचा खटला घेऊन आले होते. वकिलांनी त्यांना अंगणात उभं केलं, चालायला लावलं, मिशी वर करायला सांगितली आणि मला हाक मारली. "या गुरुजी! हा पाहा खरा सरदार. पुस्तकात अस्साच आहे. मुंबईवाल्यांनी त्या चिपाड पोराले घोड्यावर बसवलं. घोड्याले लाज वाटून राह्यली होती."

हरसिंग नाईक आज्ञाधारकपणे मिशी धरून उभे होते. "साहेब, पण माह्या धुऱ्याचं काय?"

"धुरा कुठं पळते? आता तलवार उपसल्यासारखं करा."

नाईकांनी छत्री उपसली. पुढे तो खटला ते जिंकले, पण जिंकल्यावरही बिचारे विचारत होते, "साहेब, सिनेमा केव्हा काढता?"

अशात एका गुरुवारी, बाजाराच्या गर्दीतून, टॉकीजची जाहिरात करणारी रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, आमच्या गल्लीत शिरली. मागे बँडवाला, पुढे भोंगा. नवा सिनेमा एका जुन्या कादंबरीवरचा होता. तिचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. गरीब विधवा आई आणि तिचा एकुलता एक मुलगा माधव यांची ती गोष्ट. एके काळी घराघरात वाचली गेलेली.

वकिलांची बायको, आम्ही त्यांना माई म्हणत असू, ओसरीवर तूर पाखडत होत्या. माई म्हणजे अगदी हळू बोलणारं माणूस. देवळापलीकडे त्या कुठं जात नसत. सिनेमा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पण भोंग्यातलं नाव ऐकलं आणि सूप खाली ठेवून त्या उठल्याच.

"अहो, ऐकलं का? आपलं पुस्तक! मी जाईन पाहाले."

वकील दाराशी उभे होते. एखाद्याच्या हाती समन्स पडावं तसा त्यांचा चेहरा झाला. "आधी मी पाहून येतो," ते म्हणाले.

शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. नवल म्हणजे त्यांनी पुस्तक घेतलं नाही, बॅटरीही घेतली नाही. सारा खेळ ते हाताची घडी घालून गप्प बसले. शेवटी माधवला ताप चढला, आई रात्रभर उशाशी बसली आणि पहाटे मुलगा गेला. टॉकीजमध्ये हुंदके सुरू झाले. वकील ताडकन उभे राहिले. "खोटं आहे! साफ खोटं! पुस्तकात पोरगं जगते!"

मी चक्रावलो. ही कादंबरी मी कॉलेजात वाचली होती. माझ्या आठवणीप्रमाणे माधव मरत होता, आणि अगदी असाच मरत होता. पण पिंपळखुटे वकिलांसारखा माणूस शपथेवर सांगतो म्हटल्यावर मला माझ्याच आठवणीची शंका आली.

दुसऱ्या दिवसापासून वकिलांनी गाव पेटवलं. बाररूममध्ये, कापसाच्या बाजारात, मोटारस्टँडवर एकच भाषण. "आजवर अनेक सिनेमे बिघडले, पण असा खून झाला नव्हता. कोणी पाहू नका. हा सिनेमा पुन्हा काढला पाहिजे, अन् तोवर पेटीत बंद ठेवला पाहिजे!"

परिणाम व्हायचा तोच झाला. एवढं काय वाईट आहे ते बघायला सगळी वणी टॉकीजवर लोटली. खाणीवरून माणसं ट्रकमध्ये बसून आली. टॉकीजचे मालक चंपाशेठ स्वतः पानाचा विडा घेऊन वकिलांच्या घरी आले. "वकीलसाब, बडी मेहरबानी. और चार दिन गाली दे दो."

वकिलांनी विडा परत केला. शेठ जाता जाता माईंना म्हणाले, "भाभीजी, मंगळवारी दुपारी बायकांचा खास खेळ ठेवला आहे. आप जरूर आना."

"येईन," माई म्हणाल्या. कुसुमनंही त्यांच्याबरोबर जायचं ठरवलं.

त्या संध्याकाळी वकील माझ्या खोलीत आले. खुर्चीवर न बसता खिडकीपाशी उभे राहिले.

"गुरुजी, तुम्ही पुस्तक वाचलंय?"

"वाचलंय."

"मग तुम्हाले माहीत आहे."

"माधव पुस्तकातही मरतो," मी म्हणालो.

"मरते." त्यांनी खिडकीचं दार ओढून घेतलं. "सिनेमा चांगला आहे. कुठं बोट ठेवाले जागा नाही. तेच तर वाईट झालं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांना एक मुलगा होता, श्रीधर. शाळेत जायला लागला आणि तापानं गेला. माई भिंतीकडे तोंड करून पडल्या. जेवण नाही, बोलणं नाही. डॉक्टर झाले, वैद्य झाले. काय करावं कळेना, म्हणून वकिलांनी फडताळातलं हाती लागेल ते पुस्तक काढलं आणि त्यांच्या उशाशी बसून वाचायला लागले.

"नेमकं हेच लागलं हाती. मी आधी वाचलं नव्हतं, गुरुजी. वाचता वाचता त्या प्रकरणात आलो अन् पाहतो तं माधवले ताप. पुढची पानं डोळ्यांनी पाह्यली अन् तिथं पोरगं गेलेलं. थांबावं कसं? मी पानं उलटत राह्यलो अन् तोंडानं भलतंच बोलत राह्यलो. म्हटलं, घाम सुटला, ताप उतरला, पोरानं भाकर मागितली. तं ही इतक्या दिवसांनी या कुशीवर वळली अन् म्हणाली, 'मग?'"

"मग?" माझ्याही तोंडून निघालं.

"मग काय! माधवले शाळेत घातलं. मॅट्रिक केलं. रेल्वेत लावून दिलं. आता तो स्टेशनमास्तर आहे. मोठी जबाबदारी असते." हे शेवटचं वाक्य ते इतक्या काळजीनं बोलले, की मला हसू आलं नाही. "रोज संध्याकाळी थोडं थोडं सांगतो. पुस्तक कधीचं संपलं. तिले वाटते, बरंच जाड आहे."

"मग माईंना जाऊ नका म्हणा."

"तिनं आजवर मले एक गोष्ट नाही मागितली. आता सिनेमा मागितला. नाही कसं म्हणू?"

सोमवारी वकील आणि चंपाशेठ यांची बंद दाराआड बैठक झाली. काय ठरलं ते मला मंगळवारी कळलं, कारण मला त्यांनी सोबतीला नेलं होतं. शेठ आणि मी दाराच्या पडद्याआड उभे होतो. आत नुसत्या बायका, काखेत लेकरं, पदरात शेंगा. पुढच्या रांगेत माई आणि कुसुम. माधवला ताप चढला. पदर डोळ्यांना लागले. आणि सिनेमा थांबला. दिवे लागले. पडद्यासमोरच्या अरुंद ओट्यावर काळा कोट घालून पिंपळखुटे वकील उभे!

"भगिनींनो! पुढचं रीळ प्रवासात खराब झालं आहे. तरी पुस्तकात पुढं काय आहे, ते मी तुमच्यासमोर मांडतो."

आधी गलका झाला. मग वकिलांनी आवाज लावला. माधवच्या कपाळावर घाम कसा फुटला, पहाटे त्यानं डोळे कसे उघडले, चुलीवरची भाकर कशी मागितली, हे ते असं सांगत गेले की लेकरंसुद्धा गप्प झाली. भाकर मागितल्यावर एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "जगला वं माय!" आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

वकिलांना वाटलं सुटलो. ते ओट्यावरून उतरू लागले.

"अन् ते सासू?" मागून एकीनं विचारलं. "जिनं माधवच्या मायले घराबाहेर काढलं, तिचं काय झालं?"

"सासू... सासू सुधारली."

"काहून सुधारली? अशी नाही सुधारत!"

"माही नाही सुधारली!" दुसरीनं पाठिंबा दिला.

सगळी टॉकीज सासूवर बोलायला लागली. जन्मभर साक्षीदारांची उलटतपासणी घेतलेला माणूस, आज त्याची उलटतपासणी चालली होती. शेवटी सासूला काशीला पाठवावं लागलं, माधवची मुंज करावी लागली, त्याला नोकरी लावावी लागली. तरी एक बाई अडून बसली, "सून कुठली केली?" वकिलांनी घाबरून आर्वीची सांगितली, तेव्हा कुठं खेळ सुटला. सहाच्या खेळाला पुरुषांनी दंगा केला, की त्यांनाही वकीलच पाहिजे.

परतताना वकील पुढे एकटे चालत होते. घसा बसला होता, पण चाल अपील जिंकल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी दुपारी माई ओसरीवर तूर निवडत होत्या. कुसुम त्यांच्या मदतीला, मी दारात. वकील आत आडवे झाले होते. कुसुमनं सहज विचारलं, "माई, कसा वाटला सिनेमा?"

"शेवट नाही दाखवला ना," माई हळूच म्हणाल्या. "पण तो मले माहीत आहे. माधव मरते."

कुसुमचा हात थांबला.

"माहेरी असतानाच वाचलं होतं मी ते पुस्तक. लग्नाच्या आधी. दोनदा." त्या खडे वेचत राहिल्या. "आमचा श्रीधर गेला तेव्हा हे उशाशी बसून वाचत. मी कुठं ऐकत होती! पण ते प्रकरण आलं अन् मी मनात म्हटलं, आता पुढं कसं वाचते हा माणूस. तं यांचा आवाज थरथरला, अन् म्हणते कसे, ताप उतरला. मी वळून पाह्यलं. डोळ्यातून पाणी चाललं होतं अन् पोराले भाकर खाऊ घालून राह्यले होते. मले वाटलं, आता मी काही बोलली नाही, तं हा माणूस एकटाच राहीन तिथं. म्हणून म्हटलं, मग?"

कुसुम पुन्हा खडे वेचू लागली.

"त्यांना नका सांगू हो गुरुजी," माई म्हणाल्या. "फार मन लावून सांगतात."

आतून बसलेल्या घशानं हाक आली, "ऐकलं का? आपल्या माधवची वर्ध्याहून बदली होते म्हणते."

माईंनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि उठता उठता आत आवाज दिला, "बरं झालं बाई. तिथलं पाणी त्याले मानवतच नव्हतं."