अस्तराची पालवी

लेकीच्या बाळंतपणाला निघताना बायकोनं शिंप्याला एकच गोष्ट बजावली: कुंपणाजवळचं झुडूप जपायचं. जुन्या वळणाचं ते फुलझाड तिच्या आईनं दिलेल्या फांदीचं. "तुमचं जेवण राहिलं तरी चालेल, त्याचं पाणी राहता कामा नये."

शिंपी इमानेइतबारे पाणी घालू लागला. थंडी पडली आणि पानं गळू लागली. त्यानं पाणी वाढवलं, पानं आणखी गळली. पाणी तोडलं, उरलीसुरलीही गेली. पंधरवड्यात झुडपाचा खराटा झाला. सासूबाई तर केव्हाच गेलेल्या. दुसरी फांदी मागायची कुणाकडे?

सारा जन्म मशीनवर वाकून काढलेल्या माणसाला सुचून सुचून काय सुचणार! त्यानं हिरव्या अस्तराचा तागा काढला, पानं बेतली, कडा दुमडून शिवल्या आणि सलग चार दिवस, गल्ली उठायच्या आत, स्टुलावर चढून ती फांद्यांना टाचली. मोजून तीनशे बारा. एक पाखरू तर घरटं बांधायला जागा बघून गेलं म्हणतात.

समोर नुकत्याच राहायला आलेल्या बाई चष्मा कायम कुठंतरी विसरायच्या. त्यांनी फांदी मागितली, शिंप्यानं आज-उद्या करत टोलवलं. मग तो दुकानात असताना त्यांनी एक डहाळी मोडून नेली, बाटलीत ठेवली आणि महिन्याभरानं त्याच्या बायकोला कौतुकानं फोन केला. "तुमच्या मिस्टरांच्या हाताला गुण आहे हो. अजून एक पान सुकलं नाही."

बायको मिळेल त्या गाडीनं परतली. पिशवी फाटकातच ठेवून तिनं एक पान उलटून पाहिलं.

"अहो, हे दर थंडीत पानं टाकतं. तीस वर्षं टाकतंय."

"मी दुकानात असतो. मला कसं कळणार?"

"माझ्या ब्लाउजची बाही वर्षभर उसवलेली आहे. आणि इथं दुहेरी टीप?"

बायकोनं टाका सैल करून दाखवला. खाली टाचणीच्या डोक्याएवढा लालसर कोंब दबून बसला होता. तिनं आतून कात्री आणून नवऱ्याच्या हातात दिली.

शिंपी पुन्हा स्टुलावर चढला. हिरवी पानं भराभरा खाली पडू लागली, तशा समोरच्या बाई धावत आल्या. "अहो, हे काय झालं झाडाला?"

शिंप्यानं बायकोकडे पाहिलं. ती पदराआड हसत होती.

"पानगळ," तो कात्री चालवत म्हणाला. "यंदा जरा उशिरा आली."