बिननंबरची विनाशिका

भिंतीवरच्या फोटोत तुमच्या आजोबांच्या मनगटावर घड्याळ आहे ना? ते त्यांचं स्वतःचं होतं, की फोटोवाल्याने तेवढ्यापुरतं बांधलेलं, हे तुम्ही कधी विचारलंत?

नसेल विचारलंत, तर आमच्या दत्तूकाकांना घरी चहाला बोलावू नका. कप-बशी हातात घेऊन ते भिंतीपाशी जातील आणि म्हणतील, "ह्यो फोटो कुठल्या म्हयन्यातला?" शेजारच्या काकूंनी एकदा लेकीच्या साखरपुड्याचा अल्बम हौसेने दाखवला. काकांनी पाहुण्यांकडे बघितलंच नाही. मागच्या आंब्याचा मोहोर बघितला आणि साखरपुडा वैशाखात नव्हे, माघात झाला, हे सिद्ध केलं. काकूंनी पुढे दोन आठवडे आमच्याकडूनसुद्धा विरजण नेलं नाही.

दत्तूकाका मुरबाडला आमच्या मागच्या आळीत एकटेच राहतात. औद्योगिक वसाहतीत फिटर होते, आता सत्तरी ओलांडली आहे. ज्या तालुक्याला अजून रेल्वेचा रूळ लागलेला नाही, तिथे बसून हा माणूस दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी विनाशिका बनवतो. विनाशिका म्हणजे मोठ्या जहाजांची राखण करणारी, पाणबुड्यांच्या मागे लागणारी चपळ युद्धनौका. काकांची विनाशिका हातभर लांबीची. शिवणीचं लाकूड, तोफांना गुरांच्या डॉक्टरकडच्या मोडक्या सुया, कठड्यांना जळालेल्या पंपातली तांब्याची तार. एकेका बोटीला दोन-दोन वर्षं.

आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. त्यामुळे पहिल्यांदा काकांच्या ओटीवर गेले, तेव्हा मी त्यांना साम्राज्यवादावर अर्धा तास सुनावलं. शेजारच्या तानसा तलावाचं पाणी मुंबईला जातं, पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन डोंगर उतरतात, आणि तुम्ही अमेरिकेच्या तोफा कोरता? काकांनी डोळ्याला लावलेलं भिंग न काढता सगळं ऐकलं. मग म्हणाले, "बरी बोलतेस गो. जरा ती चिमटी दे."

चिमटी दिली ती दिलीच. गेली चार वर्षं मी देतेच आहे.

तिथेच मला कळलं की युद्धातली बोट एकसारखी राहत नाही. दर दुरुस्तीला तिचं काहीतरी बदलतं. कल्याणचा एक हौशी गृहस्थ परदेशी खोक्यातली प्लास्टिकची विनाशिका जोडून, फडक्यात गुंडाळून जीपने घेऊन आला होता. काकांनी ती चारी बाजूंनी फिरवली. खऱ्या बोटीवरच्या मधल्या टॉर्पेडोच्या नळ्या दुरुस्तीत काढल्या, तेव्हाच त्यांच्या जागी विमानं पाडायच्या तोफा बसवल्या होत्या. ह्या पाहुण्याने दोन्ही बसवल्या होत्या, जागा करून. काका अगदी हळू आवाजात म्हणाले, "सायब, ही बोट कवाच नव्हती." त्या माणसाचा चेहरा एखादं स्थळ मोडल्यासारखा झाला. काकांनी त्याला जेवू घातलं, नळ्या काढून दिल्या आणि जीपपर्यंत सोडायला गेले.

माझ्या पत्रकांचीही त्यांनी अशीच गत केली. पाड्यावरच्या पाण्यासाठी आम्ही मोर्चा काढला होता. मी लिहिलं, 'उभा तालुका रस्त्यावर उतरला!' काकांनी तारीख वाचली. त्या दिवशी म्हसा गावची जत्रा होती. उभा तालुका जत्रेत होता, ते स्वतःही होते, घोंगडी घेऊन आले होते. मग मोर्चात कोण होतं, असं त्यांनी विचारलं. एकतीस बाया, मी म्हटलं, पडेल आवाजात.

"मग तेच लिव ना. जत्रा सोडून एकतीस बाया आल्या, ही काय लहान गोष्ट हाय?"

मी चिडून घरी आले, पत्रक फाडलं आणि तेच लिहिलं. तहसील कचेरीतल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. त्यांना खोडायला काही सापडलं नाही. त्या ओळीचे उपकार मी विसरणार नाही.

एवढं शिकूनही यंदा माझं पाऊल घसरलं. शहापूरच्या एका शाळेने प्रदर्शनासाठी काकांची सगळ्यात जुनी बोट मागितली. ती सगळी पूर्ण आहे, पण नाकाडावर, म्हणजे पुढच्या टोकावर, नंबर नाही. असा नंबर प्रत्येक बोटीला असतो, त्यावरूनच ती ओळखतात. शाळेचं म्हणणं, बोट अर्धवट दिसते. काका म्हणाले, मग बोट देत नाही. मुलांनी ती बघावी असं मला फार वाटत होतं. मी म्हटलं, टाका ना कुठलाही एक नंबर, कोण तपासणार आहे?

काकांनी भिंग काढलं. माझ्याशी बोलायला, चार वर्षांत पहिल्यांदा.

त्यांचे वडील, महादू, लढाईच्या काळात मुंबईच्या गोदीत रंगाच्या कामावर होते. गावी परतल्यावर सांगत, मी अमेरिकेच्या बोटीला रंग दिला. खाली निळा, वर राखाडी. बोटीचा काठ पुढे वर चढत जातो, पण निळ्याची वरची रेघ चढत नाही, ती पाण्यासारखी सपाट राहते. बोटीचा रंग काठाबरोबर का चढणार नाही, म्हणून सगळे हसले. महादूचं नाव 'अमेरिका' पडलं. शेतावर निघाले तरी मागून पोरं ओरडत, अमेरिका चालली. पुढे काकांना फिटर झाल्यावर एका जुन्या मासिकात तशा बोटीचा फोटो दिसला. रेघ सपाट होती. तोवर वडील गेले होते. मग काकांनी पहिली बोट कोरली, ती हीच.

"नंबर पण सांगायचा बाप," काका म्हणाले. "रोज सांगायचा. मी पोरांच्यात हसत व्हतो गो. आयकलाच नाय."

हातातली चिमटी कुठे ठेवावी ते मला कळेना.

शेवटी शाळा तयार झाली आणि बोट शहापूरला गेली, कोऱ्या नाकाडानेच. शेजारी ठेवायला मी एक पुठ्ठा लिहिला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्रक: 'रंगकाम पाहणारे साक्षीदार: महादू, मुरबाड. बोटीचा नंबर माहीत नाही.' काकांनी तो वाचला, 'पाहणारे' खोडून 'करणारे' केलं, 'साक्षीदार' काढून टाकलं, आणि पुठ्ठा बोटीपेक्षा पुढे ठेवला.

तुमच्या घरातलं कोणी त्या वर्षांत मुंबईच्या गोदीत रंगाला, खरवडायला, ओझी वाहायला असेल, आणि एखाद्या अमेरिकी बोटीबद्दल बोललं असेल, तर आज घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि मुरबाडला येऊन सांगा. नंबरातला एकच आकडा आठवत असेल तर एकच सांगा. उरलेले मात्र मनाने भरू नका.