सुमनकाकींची तारली

माणूस मासे कसे खातो त्यावरून त्याचा स्वभाव सांगणारी बाई मी रत्नागिरीत येईपर्यंत पाहिली नव्हती. सांगलीहून बदली होऊन आले, त्याच आठवड्यात शेजारच्या सुमनकाकींनी जेवायला बोलावलं. ताटात तारलीचं कालवण. तारली म्हणजे वीतभर मासा आणि अंगभर काटे. माझं ताट बघून काकी म्हणाल्या, "जेवलीस, की मेलेल्याला परत मारलंस गो?"

लग्न जमवणाऱ्यांना त्यांचा सल्ला ठरलेला. "पत्रिका ऱ्हाऊ दे. पोराला बांगडा वाढ आणि गप बघत बस." त्या स्वतः जेवल्या की ताटात सांगाडा इतका स्वच्छ उरे, की मांजर नुसतं हुंगून निघून जाई.

गेल्या वर्षी एका सकाळी काकींच्या हातातून चहाचा कप सुटला आणि तोंड वाकडं झालं. अर्धांगाचा झटका. वेळेवर इस्पितळात नेलं म्हणून निभावलं. जीभ सर्वांत आधी ताळ्यावर आली, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. उजवा हात मात्र रुसून बसला.

घरी व्यायाम घ्यायला मधुरा नावाची फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. साताऱ्याकडची, शुद्ध शाकाहारी. रोजची कामं कितपत जमतात ते मोजायला तिच्याकडे छापील प्रश्न होते.

"काकी, काट्यानं खाता येतं का?"

"काट्यानं कोण खातं? आम्ही काटे काढून खातो."

"बाथटबमध्ये उतरता येतं?"

"बुडायचंच झालं तर समुद्र हाय की एवढा!"

मधुरा हसून बेजार. तरी गुण चांगले पडले. चालता येत होतं, चमच्यानं जेवता येत होतं. "काकी, तुम्ही जवळजवळ बऱ्या झालात," ती म्हणाली.

"नाय. तारलीचे काटे काढता आले, की मी बरी."

मला कुतूहल वाटलं. तारलीच का? सुरमईला मधे एकच काटा, ती का नाही? "सुरमई काय, कोणीपण खाईल," एवढं बोलून काकींनी तोंड फिरवलं.

मधुरानं मात्र कागद बाजूला ठेवला. "या हातानं दिवसभर काय काय करायचात, ते सांगा." मग व्यायामच बदलला. आधी लसूण सोलणं, मग भिजवलेल्या वालांची सालं काढणं, मग बांगडा. मधुरा नाकाला ओढणी लावून बसायची, पण बोटांवरची नजर हलवायची नाही. काकी वालांना शिव्या घालायच्या. एकदा तर पातेलंच भिरकावलं, आणि मग रडल्या.

शेवटी एका रविवारी दुपारी त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. सोबत काकींचे यजमान अण्णा. एसटीतून निवृत्त झालेले, काचबिंदूनं नजर गेलेली. काकी आजारी पडल्यापासून ते रोज वरणभात जेवत होते. विचारलं तर सांगायचे, "नवस बोललोय. मासे बंद."

काकींनी तारली पुढ्यात घेतली. मासा दोनदा निसटला. माझं कालवण आणि मधुराचं वरण निवलं, पण कुणी घास उचलला नाही. काटा काटा बाजूला होत गेला आणि पांढऱ्या मांसाची छोटीशी रास झाली. काकींनी ती उचलून अण्णांच्या भातावर ठेवली.

"अगो, माझा नवस..."

"फिटला. जेवा आता."

मधुरानं माझ्याकडे पाहिलं. तारलीच का, हे आम्हा दोघींना एकदमच कळलं.

अण्णांनी घास घेतला. चावता चावता थांबले. जिभेनं काहीतरी शोधलं, तोंड पुसल्यासारखं करून बोटांत घेतलं आणि हळूच ताटाखाली सरकवलं.

"काय झालं? काटा लागला?" काकींचा आवाज चिरकला.

"छे," अण्णा म्हणाले, "लोण्यासारखी लागतेय. अजून एक दे."