सावंतकाकांची व्हिसाची तालीम

नासकं दूध परत करायचं असलं तरी आमचे सावंतकाका आधी तालीम करतात. लोअर परळच्या आमच्या चाळीत ते माझ्या शेजारच्या खोलीत राहतात. पिशवी घेऊन गॅलरीत उभे राहतात, मला दूधवाला व्हायला लावतात आणि मी उद्धट बोललो की खूश होतात. "अस्सं! आता खराखुरा आला तरी डगमगणार नाही मी."

ही खोड नाटकातली. काका तरुणपणी कामगारांच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. तोंडाला कधी रंग लागला नाही, पण विंगेत उभं राहून आपण भल्याभल्यांची अब्रू वाचवली, असं ते स्वतःच सांगतात. "तालमीशिवाय एन्ट्री नाही," हे त्यांचं पालुपद. मुलीच्या, म्हणजे स्वातीच्या, लग्नात त्यांनी पाठवणीला न रडण्याची तालीम घेतली होती. प्रत्यक्षात इतके रडले की आम्ही त्यांना धरून खुर्चीत बसवलं.

ही स्वाती आता परदेशात असते. देशाचं नाव लिहायला काकांनी मला मनाई केली आहे. पुन्हा अर्ज करायची वेळ आली तर नडेल म्हणे. तिला दिवस गेले, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, आणि ती रोज फोनवर एकच धोशा लावायची, "बाबा, आईला पाठवा."

घोडं अडलं ते व्हिसापाशी. काकी मूळच्या नेपाळच्या. परळच्या एका इस्पितळात त्या नर्स होत्या. काकांची आई तिथे आजारपणात होती. ती बरी होऊन घरी आली तरी काकांच्या इस्पितळातल्या फेऱ्या काही थांबेनात. पुढे लग्न झालं आणि रीतीप्रमाणे काकांनी ताटातल्या तांदळावर बायकोचं नवं नाव लिहिलं, शुभांगी. स्वातीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव तेच. पासपोर्ट मात्र नेपाळचाच राहिला, आणि त्यावर दिलकुमारी. म्हणजे कागदोपत्री स्वातीची आई एक आणि व्हिसा मागणारी बाई दुसरीच!

पहिल्या खेपेला वकिलातीच्या खिडकीतल्या साहेबाने नाव विचारलं. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने काकी बोलून गेल्या, "शुभांगी सावंत." पुढचं सगळंच फिसकटलं आणि अर्ज नामंजूर झाला.

काकांनी ते फार मनाला लावून घेतलं. "माझ्या हौसेपायी पोरीची आई कागदावरून पुसली गेली रे," असं ते मला चार वेळा म्हणाले. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र त्यांनी करून आणलं. एका एजंटला गाठून पुन्हा अर्ज केला, दुसरी तारीख मिळाली आणि रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली. बाळंतपणाला पाच आठवडे उरले होते. टेबलापलीकडे साहेब म्हणून मी, अलीकडे काकी, आणि कपाटाच्या आडोशाला वही घेऊन काका.

"नाव?"

"शुभां..."

"दिलकुमारी!" कपाटाआडून आवाज.

"पती बरोबर का येत नाहीत?"

"त्यांना विमानाची भीती वाटते."

"जरा थांबून बोल गो! पाठ केल्यासारखं वाटता." पुन्हा कपाटाआडून. काका गडबडले की गावाकडच्या बोलीत शिरतात.

काकांना विमानाची भीती आहे, हे मला नवीनच होतं. विचारलं तर म्हणाले, "मरणाची. आणि तिकडची थंडी कोण सोसणार?"

आठव्या दिवशीही काकी पहिल्याच प्रश्नाला चुकल्या आणि त्यांचा बांध फुटला. "इतकी वर्षं तुम्हीच शुभांगी म्हणून हाक मारलीत. आता दिलकुमारी म्हणताना दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय असं वाटतं." काका वही मिटून गॅलरीत जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चारचौघांत हाक मारायला सुरुवात केली, "दिलकुमारी, चहा ठेव." चाळ हसली. त्यांची जीभ अडखळायची, पण त्यांनी हाक बदलली नाही.

मुलाखतीच्या दिवशी रजा टाकून मीही बरोबर गेलो. आत फक्त अर्जदाराला प्रवेश. काकांनी फाटकावरच्या शिपायाला गयावया करून पाहिलं, "मी नुसता बाजूला उभा राहतो. तोंड उघडणार नाही." त्याने नकारार्थी मान हलवली. काकी एकट्याच आत गेल्या.

दीड तास काका समोरच्या फुटपाथवर ओठ हलवत उभे होते. साहेबाचे प्रश्न आणि काकींची उत्तरं, दोन्ही तेच म्हणत होते. एरवी मी त्यांची नक्कल करून चाळीला हसवतो. त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर तीच उत्तरं पुटपुटत होतो. याही वेळी नकार आला, तर तिकडे ती पोर आईशिवायच बाळंत होणार होती.

काकी बाहेर आल्या. हातात फाईल होती, पासपोर्ट नव्हता.

"पासपोर्ट खंय?" काका ओरडलेच.

"ठेवून घेतला."

"ठेवून घेतला?"

"अहो, व्हिसा लावायला! मिळाला."

काकांनी खिशातून वही काढली. म्हणाले, "नाव बरोबर सांगितलंस?"

"सांगितलं."

"आणि विमानाच्या भीतीचं?"

"तेही सांगितलं. मग त्याने विचारलं, परत याल कशावरून? हा प्रश्न तुमच्या वहीत नव्हताच."

"मग काय सांगलंस गो?"

"खरं ते सांगितलं. म्हटलं, साहेब, माझ्या नवऱ्याला भीतीबिती काही नाही. दोघं एकदम गेलो तर परत येणार नाही असा संशय येतो, असं आम्हाला एजंटने सांगितलं. म्हणून तो मागे राहतोय. नातवंडाचं तोंड बघायला त्याचा जीव तुटतोय, तरी राहतोय. असल्या माणसाला टाकून मी कुठे राहणार?"

"माका भीती नाय ह्या तुका कोणी सांगितलं?"

"तुमच्या नावाने भरलेला व्हिसाचा अर्ज गादीखाली होता. फोटोसकट."

मी उगाच रस्त्यावरच्या गाड्या बघू लागलो. काकींनी फाईल काखेत मारली आणि काकांचा हात धरला. "पुढच्या वर्षी दोघांनी जायचं."

"आधी तू परत तर ये गो," काका म्हणाले. "माका एकट्याला नाय ऱ्हवाक येणार."