म्हात्रे बाईंच्या किरकोळ रजा

"हिला शाळेतून काढलंय ना? मग रजा कसली मागते?"

पोस्टातला क्लार्क शेजारच्याला हळूच म्हणाला, पण काचेला भोक होतं. म्हात्रे बाईंनी त्या भोकाशी तोंड नेलं. "काढलंय असं ते म्हणतात. मी नाय म्हणत. रजिस्टर करा, पोचपावतीसकट."

मी मागे मान खाली घालून उभी होते. अर्ज माझ्या हातचा होता.

बाई आमच्या शेजारी राहतात, उरणजवळच्या गावात. जिल्हा परिषदेच्या शाळेत अठरा वर्षं शिकवल्यावर त्या बडतर्फ झाल्या. आरोप: नऊ दिवस विनापरवानगी गैरहजर. त्यांनी अपील केलं. निकाल लागेपर्यंत आपण नोकरीतच आहोत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून बेलापूरला सुनावणी असली की मुख्याध्यापकांना किरकोळ रजेचा अर्ज जातो. ताप आला तरी जातो. पुतण्याच्या हळदीलाही गेला. दिवाळीत मात्र बाई ठणकावतात, "आता शाळेला सुट्टी हाय. अर्ज नाय."

लिहायचं काम माझं. "माझं अक्षर ओळखून ते वाचणारच नाय. तुझं बेकार हाय गो, पण नवं हाय." पाकिटावर नाव त्यांचंच असतं, हे मी बोलले नाही. इंग्रजी शाळेत शिकल्याने माझं मराठी अक्षर अजून दुसरीतच आहे.

ते नऊ दिवस कुठे गेले, ते मला त्यांच्या फाइलीत सापडलं. वर्गातली सात कातकरी पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली होती. बाई माणगावच्या बाजूला भट्ट्या हिंडल्या आणि चौघांना परत घेऊन आल्या.

"अर्ज देऊन जायचं होतं ना," आई एकदा म्हणाली.

"पोरं अर्ज देऊन गेली व्हती?"

आई चहा ठेवायला उठली.

डिसेंबरात शेवटच्या सुनावणीची तारीख लागली आणि बाईंनी जाहीर केलं, "मी जात नाय. वर्षाच्या बारा रजा संपल्या."

"मग बिनपगारी घ्या," आई म्हणाली.

"पगार देतायत कुठं, बिनपगारी घ्यायला? आणि विनापरवानगी गेले तर आरोप खराच ठरंल."

वकिलांचे तीन फोन आले. बाईंनी स्वतः येऊन सांगितलं नाही, तर अपील फेटाळलं जाईल. बाईंनी तिसरा उचललाच नाही.

आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. पलंगभर पोचपावत्या मांडल्या होत्या.

"सगळे अर्ज पोचले. मंजूर एकपण नाय, नामंजूरपण नाय. अठरा वर्षं हेडमास्तर अन् मी एका खोलीत डबा खाल्ला गो." त्यांनी एक पावती उचलली, उगाच सरळ केली. "अन् उद्या बेलापुरात त्यांनीपण नाय म्हटलं, तर? मग परवा कुणाला अर्ज करू?"

तेव्हा कळलं, रजा संपल्याचं निमित्त होतं.

मी कोरा कागद घेतला. तेरावा अर्ज लिहिला. शिल्लक रजा: शून्य. खाली, बाईंच्याच अर्जांमुळे शिकलेल्या भाषेत, शेरा मारला आणि माझी सही केली. बाई कागदाकडे बघत राहिल्या. चष्मा त्यांच्या हातात होता, म्हणून मी मोठ्याने वाचलं.

"विशेष बाब म्हणून मंजूर. सातच्या बसला मीही येतेय, बाई. आणि परवा अर्ज करायची वेळ आलीच, तर तो हायकोर्टाला. याच बेकार अक्षरात."